अर्थिंगला पाणी

स्क्रीनवर

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काढलेल्या सर्किटात सगळं नीट होतं. आत शंभर मिलिव्होल्ट घातले की बाहेर अकराशे पडत होते. मधला त्रिकोण, ज्याला ऑप-अँप म्हणतात, तो मुकाट्यानं आपलं काम करत होता: आत आलेलं बारकं घ्यायचं आणि अकरापट करून बाहेर द्यायचं. करिष्मानं आतला आकडा बदलून बघितला, बाहेरचा त्याच्या मागोमाग बदलला. शहाण्या बैलासारखा. कासरा ओढायचीसुद्धा गरज नाही.

"झालं की," शेजारच्या खुर्चीतून प्रविण म्हणाला. प्रविण कडा गावचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून तिचा प्रॅक्टिकलचा जोडीदार. "आता हेच टेबलावर जोडायचं आन मॅडमची सही घ्यायची. चहाच्या आत होतंय बघ."

टेबलावर

चहा झाला. जेवणाची सुट्टी झाली. टेबलावर काही झालं नाही.

तीच ऑप-अँपची चिप. तेच रेझिस्टर. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि आत घालायला पेन्सिल सेलमधून काढलेले शंभर मिलिव्होल्ट. मीटरची काळी तार शून्याला लावली, लाल तार चिपच्या बाहेरच्या पायाला. मीटर म्हणाला, शून्य. चिप बदलली. शून्य. भोकाभोकांचा ब्रेडबोर्ड बदलला, वायरी उपसून परत खोवल्या, एकेक पाय मोजून बघितला. शून्य.

"चिप मेल्यात," प्रविण म्हणाला.

"सगळ्याच?"

"एकाच घरातल्या असतील."

करिष्मा हसली नाही. बीडच्या त्या लॅबमध्ये पंखा गरगरत होता, खाली रस्त्यावर रिक्षावाले सीट भरत होते, आणि ती मीटरच्या काचेकडं अशी बघत होती की जणू तो मुद्दाम बोलत नाही.

"लई मनावर घेतीस तू," प्रविण म्हणाला. "एक प्रॅक्टिकल हाय. पुढच्या आठवड्यात देऊ. कोन मरतंय."

आता त्याला तरी काय माहीत. तिनं लॅबमध्ये कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, की

विहिरीवर

नांदूरघाटापासून आत, धर्मराज दादांच्या शेतात एक विहीर आहे आणि विहिरीजवळ एक खोली. खोलीत गहिनीनाथ राहायचा, त्याची बायको संगीता, आई केशरबाई आणि त्याला अण्णा म्हणणारी पोरगी करिष्मा. दिवाळी झाली की नवराबायको उसतोडीला जायचे, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे, आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत दादांच्या शेतात राबायचे.

विहिरीवर दिवा होता. दिव्याला दोन तारा लागतात हे शाळेतलं पोरगंही सांगेल: एक येणारी, एक जाणारी. पण खांब लांब होता. येणारी तार तेवढी खांबावरून ओढली आणि जाणाऱ्या तारेचं काम मातीला दिलं. जमिनीत लोखंडी गज ठोकला, दिव्यापासून गजापर्यंत एक उघडी तार आणली, झालं. अर्थिंगवर दिवा. त्या भागात अशा दिव्यांना तोटा नाही. सगळ्या शिवारात लोक असंच करतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही.

फक्त माती ओली पाहिजे. उन्हाळ्यात गजाच्या बुडाशी रोज एक बादली पाणी ओतायचं, कधीमधी मूठभर मीठ. माती सुकली की दिवा आपोआप सांगायचा. पांढऱ्याचा पिवळा व्हायचा, पिवळ्याचा लाल. लाल पडला की केशरबाई ओरडायची, "संगे, अर्थिंगला पानी टाक." संगीता बादली ओतायची. दिवा परत पांढरा.

बादलीचं काम संगीताचं.

दोन उन्हाळ्यांमागं एका पहाटे गहिनीनाथ विहिरीवर गेला आणि त्यानं ती उघडी तार हातात धरली. अर्थिंगची तार, तिला काय होतंय, म्हणून कुणीही धरावी तशी. केशरबाईची किंकाळी ऐकून संगीता उठली, खोलीतला खटका तिनं ओढला. ओढला तोवर उशीर झाला होता.

दहाव्याला आलेल्या बायकांना केशरबाई सांगत होती: "एक बादली टाकवली न्हाई. माती सुकली, तारंत करंट उतरला. माझं लेकरू गेलं." पुढं पिठाच्या गिरणीत सांगितलं. बाजारात सांगितलं. सांगून सांगून ते गावाला पाठ झालं. संगीता उलट बोलली नाही. तिला वाटलं असतं तर बोलली असती, पण तिलाच आठवत नव्हतं. आदल्या दिवशी पाणी टाकलं होतं की नव्हतं? रोजचं काम. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, परवाच्या सकाळची दुसरी भाकरी आठवते का.

करिष्मा बीडला डिप्लोमाला निघाली तेव्हा, पत्र्याच्या पेटीला कडी घालताना, संगीता खालच्या आवाजात म्हणाली, "तू लाइटीचंच शिकनार हायेस न्हवं. मला एवढंच सांग. मी त्या दिवशी पानी टाकलं असतं, तर ते राहिले असते का?"

"शिकून सांगते, माय."

दर सुट्टीत ती घरी जायची तेव्हा संगीता विचारायची नाही. नुसती बघायची. आणि करिष्मा दुसरं काहीतरी बोलायला लागायची. आता ज्या पोरीला दोन बॅटऱ्यांवरचं सर्किट चालवता येत नाही, ती हे काय सांगणार.

टेबलावर

"ही हिरवी वायर कुठे चाललीय?" प्रियदर्शनी मॅडमनी विचारलं.

हिरवी वायर ब्रेडबोर्डवरून निघून, टेबलाच्या कडेवरून खाली उतरून, भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये गेली होती. वरच्या मोठ्या भोकात. रेझिस्टरचं शून्य, सेलचं शून्य, मीटरची काळी तार, सगळं करिष्मानं त्या हिरव्या वायरीला आणून बांधलं होतं. मोठ्या निगुतीनं.

"अर्थिंगला, मॅडम."

"का?"

"शून्य हाय ना ते. सगळं तिथंच परत जातं."

"तिथं म्हणजे?"

"मातीत."

प्रविण फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं.

"बॅटरीतून निघालेलं मातीत कशाला जाईल? ज्याच्यातून निघालं त्याच्यातच परत जाणार. बॅटरीत. तुझ्या दोन बॅटऱ्यांचा जो मधला सांधा आहे ना, तो तुझा शून्य. त्याला ही हिरवी वायर जोडलीस का?"

"न्हाई. पण स्क्रीनवर तर..."

"स्क्रीनवर तू शून्याची खूण चार ठिकाणी काढलीस. ती चारही ठिकाणं त्यानं तुला न विचारता आतल्या आत जोडून टाकली. इथे कोण जोडणार? तिथली माती फार चांगली असते, करिष्मा. कधी सुकत नाही." त्यांनी मीटर तिच्या हातात दिला. "काळी तार बॅटऱ्यांच्या मधल्या सांध्याला धर. लाल तार चिपच्या बाहेरच्या पायाला नको. तुझ्या हिरव्या वायरीलाच लाव."

मीटर म्हणाला, आठ.

"बघ. तू जिला शून्य म्हणतेस ती आठवर जाऊन बसलीय. परतीची वाट तुटली की वायर अशीच वर चढते आणि तिथंच राहते. दिसायला तशीच, हिरवी, गरीब. तू मीटरची काळी तारसुद्धा तिच्यावरच लावलीस. आठवर उभं राहून आठ मोजलेस, मग शून्य दिसणार नाही तर काय?"

करिष्मानं वायरीवरचा हात काढला. काढला म्हणजे झटकला. आठ व्होल्टवरून असा हात कुणी काढत नाही. त्यानं मुंगीसुद्धा मरत नाही. मॅडमनी ते बघितलं.

मग तिनं हिरवी वायर सॉकेटमधून उपटली आणि बॅटऱ्यांच्या मधल्या सांध्याला खोवली. मीटर म्हणाला, एक पूर्णांक एक. म्हणजे अकराशे मिलिव्होल्ट. प्रविण म्हणाला, "घे सही, घे, सुटलो." आणि करिष्मा त्या बरोबर आलेल्या आकड्याकडं बघतही नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "दिवा जर मातीवर चालवला असंल. आन माती सुकली असंल."

तिनं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, बसचं तिकीट मागावं तसं. प्रविणच्या हातातली वायर हातातच राहिली. तो म्हणाला, "मघाशी मी ते चिपचं बोललो..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

मॅडमनी कॉम्प्युटरची खुर्ची तिच्याकडं सरकवली. "काढ. विहीर काढ."

स्क्रीनवर

खांबावरची तार ते दिवा.
दिवा ते उघडी तार.
उघडी तार ते गज.
गज ते माती.
माती ते शून्य.

"मातीला खूण नको," मॅडम म्हणाल्या. "माती म्हणजे एक रेझिस्टर, वाट अडवणारा. ओली असली की छोटा, सुकली की मोठा."

तिनं माती काढली. दिव्याचे शंभर वॉट घातले. आता एकच वस्तू राहिली. उघड्या तारेपासून शून्यापर्यंत, मातीला समांतर, अजून एक वाट.

"माणसाला किती ओहम धरायचे?" तिनं विचारलं.

प्रविणनं पुस्तक चाळलं आणि पुस्तकातच बघत म्हणाला, "दीड हजार धर. पाय ओले असतील तर कमी."

तिनं रेझिस्टर ठेवला. सॉफ्टवेअर प्रत्येक वस्तूला आपणहून नाव देतं, त्यानं यालाही दिलं. आर तीन. करिष्मानं ते पुसून दुसरं नाव द्यायला कर्सर नेला, आणि परत आणला.

रन. माती ओली.

पहाट. गहिनीनाथ उठतो, टॉवेल खांद्यावर टाकतो, विहिरीवर जातो. उघड्या तारेवर बारा व्होल्ट. तो तार धरतो, हाताला मुंग्या येतात, तो मातीला एक शिवी देतो. परत येतो. चहा मागतो. चहात साखर कमी म्हणून कुरकुर करतो.

रन. माती कोरडी.

पहाट. गहिनीनाथ उठतो, टॉवेल खांद्यावर टाकतो, विहिरीवर जातो. तारेवर दीडशे. तो तार धरतो.

परत येत नाही.

करिष्मानं मातीचा आकडा खाली आणला. तो परत आला, चहा मागितला. वर नेला. आला नाही. खाली. वर. प्रविण म्हणाला, "बास कर ना." तिनं अजून एकदा वर नेला.

म्हणजे आज्जी बरोबर होती. एक बादली. बादलीभर पाण्यानं दीडशेचे बारा होत होते. मायला आता हेच जाऊन सांगायचं. शिकून सांगते म्हणाली होती ना, घे.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "एकच बिघाड शोधून उठू नकोस. तशीच तार वर चढायला अजून काय कारण असू शकतं? आत्ता टेबलावर काय झालं होतं?"

"परतीची वाट तुटली होती."

"मग तोडून बघ."

रन. माती ओली. तार गजापाशी तुटलेली.

पहाट. गहिनीनाथ उठतो, टॉवेल

तारेवर दोनशे तीस. माती ओली असो, कोरडी असो, मीठ घाला, विहीर ओता, दोनशे तीस. मातीचा आकडा करिष्मानं खाली नेला, वर नेला, काहीच हललं नाही. मातीपर्यंत काही पोचतच नव्हतं.

दोन्ही वाटांनी माणूस मरत होता. एका वाटेवर संगीताची बादली होती, दुसऱ्या वाटेशी तिचा काही संबंध नव्हता.

"मग कुठली?" प्रविणनं विचारलं. "गज बघितला का कुणी?"

"दादांनी पुढच्या आठवड्यातच खांबावरून दुसरी तार ओढली. गज उपटला. तार गुंडाळून नेली." दुरुस्ती झाली की बिघाडही जातो, मग मोजायचं काय आणि कशावर. नीट चाललेल्या दिव्याखाली संगीता दोन वर्षं भांडी घासत होती.

करिष्मा दोन्ही रन शेजारी शेजारी लावून बघत बसली. तार दोन्हीकडं वर होती. मग तिची नजर तारेवरून निघून वर गेली, जिथं आतापर्यंत कुणी बघितलं नव्हतं.

"दिवा," ती म्हणाली.

माती सुकलेली असेल तर दिव्याला थोडं का होईना पोचत होतं. तो लाल पडला असता, नेहमीसारखा. तार तुटलेली असेल तर कुणी तार धरायच्या आधी दिव्याला काहीच पोचत नव्हतं. तो विझलेला असता. मिट्ट.

"आन बल्बच उडालेला असंल तर?" प्रविण म्हणाला. "तरी विझलेलाच दिसंल."

"मग तारेत करंट आलाच नसता. तारेत येतो तो दिव्यातूनच येतो." ती इतक्या पटकन बोलली की मॅडमनी मान वर केली. "बल्ब उडाला असता तर अण्णा असते."

"मग आता एवढंच विचारायचं," मॅडम म्हणाल्या. "त्या पहाटे दिवा लाल होता की विझलेला. तिथे कोण होतं?"

खोलीत

तिथं केशरबाई होती. दुसरं कुणी नव्हतं.

रविवारच्या एसटीनं करिष्मा निघाली. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी घुरघुरत चढत होती आणि ती मनात प्रश्न बसवत होती. प्रश्न साधा पाहिजे. त्यातून आज्जीला वास लागायला नको की याच्यावर काय टांगलंय. टेबलावरही असंच असतं; मोजायला गेलं की मोजायच्या तारेनंच आकडा हलतो.

केशरबाई उंबऱ्यात सूप घेऊन बाजरी पाखडत होती. संगीता आत चुलीपाशी. दुपार होती, विहिरीवरचा दिवा कुणीतरी चालूच ठेवला होता आणि तो उन्हात उगीच जळत होता.

"वाळलीस गं," केशरबाई म्हणाली. "हास्टेलात काय खायला घालतेत का नुसतं पुस्तक चाटायला देतेत?"

"पुस्तकालाच मीठ लावून खाते, आज्जे."

"तुझ्या बापावर गेलीस. त्यालाबी असं वाकडं बोलायची खोड."

करिष्मा तिच्याजवळ बसली. सुपातले खडे वेचायला लागली. बराच वेळ वेचले.

"आज्जे, अण्णा त्या पहाटे तारेला चिकटले, तवा दिवा कसा होता?"

सूप थांबलं. "आता कावून उकरतीस ते?"

"आमच्या अभ्यासात हाय. मॅडमनी विचारलंय."

"लाल व्हता," केशरबाई म्हणाली. क्षणभरही अडखळली नाही. "निखाऱ्यागत लाल. ह्या डोळ्यांनी बघितलाय. म्हनून तर म्हनते मी, एक बादली..." आत चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज बंद पडला आणि परत सुरू झाला.

झालं. दुसरा रन. माती कोरडी. उठावं, हातपाय धुवावेत, जेवावं आणि संध्याकाळच्या गाडीनं बीड गाठावं. माय यावेळीही विचारणार नाही. नुसती बघेल.

पण ती उठली नाही, कारण हाताला सवय लागली होती. आकडा आला की आधी विचारायचं, काळी तार कशाला लावली होती. कशापासून मोजलं.

"आज्जे, लाल कवापासून होता? अण्णा घरातून निघाले तवाबी लालच होता का?"

"तवा कुठला? तवा नव्हताच. डोळ्यात बोट घातलं तर दिसनार न्हाई असा अंधार." केशरबाईनं सूप मांडीवर टेकवलं. "मीच उठवलं त्याला. म्हनलं, गह्या, दिवा गेलाय, जरा बघ. आदल्या दिशी ते पाइपाची चारी खांदायला मशीन आलं व्हतं, म्हनलं त्यानं काय केलं का काय. तो गेला. मी हितंच, उंबऱ्यात. तो गजापाशी वाकल्याला दिसला मला, नुसता काळा काळा. आन मग लागला दिवा."

"लागला?"

"लागला की. पर लालच. मला वाटलं, केलं त्यानं. मनात म्हनलं, बघ, हिनं पानी टाकलं नसंल, म्हनून लाल. आता हाक मारते हिला. तिकडं बघत व्हते मी, दिव्याकडं. मग दिसलं, हा उठंना."

करिष्माचे खडे वेचणारे हात सुपातच राहिले.

दिवा विझलेला होता. म्हणजे तार तुटलेली होती, आणि पाणी ओतलं काय न ओतलं काय, सारखंच. मायनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर हेच. आणि शेवटच्या रनमध्ये तार तोडल्यावर तिनं दिव्याकडं बघितलं होतं ते कुणी तार धरायच्या आधीचं. धरल्यानंतरचं बघितलंच नव्हतं. आता कॉम्प्युटर नसताना दिसत होतं. खांबावरून दिवा, दिव्यातून तार, तारेतून हात, हातातून पाय, पायातून माती. परतीची वाट त्यानं पुरी केली होती. दीड हजार ओहममधून जेवढा लागायचा तेवढा दिवा लागला होता.

"माय," ती म्हणाली. "इकडं ये."

संगीता पिठाच्या हातानं दारात आली.

"तार तुटली होती. गजापाशी. दिवा आधी विझला होता ना, त्यावरनं कळतं. तार तुटल्यावर पाण्याचा काय संबंध राहत न्हाई. तू टाकलं असशील नायतर नसशील. काहीच फरक पडला नसता. मी करून बघितलंय, मॅडमबी होत्या."

हाताला चिकटलेलं पीठ संगीता बोटाबोटांनी काढत राहिली.

"आन लाल?" केशरबाई म्हणाली. "विझल्याला दिवा लाल कावून झाला मग? मी बघितला ना. पानी नव्हतं म्हनूनच झाला. दर खेपंला होतो तसा."

करिष्मानं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"सांग की. शिकलीस न्हवं लई. तुटल्याली तार, तर दिवा लागला कसा?"

इथं थांबता आलं असतं. माहीत न्हाई म्हणता आलं असतं. मग आज्जीचा लाल दिवा तसाच राहिला असता आणि उद्या गिरणीत परत बादली निघाली असती. करिष्मानं आईकडं बघितलं. संगीता तिच्याचकडं बघत होती, आणि तिला अजून कळलं नव्हतं.

"आज्जे, तो अण्णांमधून लागला होता," करिष्मा म्हणाली. "तुटलेल्या तारेच्या जागी अण्णा होते."

विहिरीवरून पाइपातलं पाणी पडल्याचा आवाज येत होता. केशरबाई एवढी शांत बसली की सुपावर एक चिमणी येऊन बाजरी टिपून गेली.

"म्हंजे मी दिव्याकडं बघत व्हते," केशरबाई म्हणाली, "तवा."

तिनं सूप खाली ठेवलं.

"खटका हितंच व्हता. माझ्या हाताशी." तिनं उंबऱ्याजवळच्या भिंतीला हात लावला. भिंतीवर आता नवा पांढरा बोर्ड होता. "मी हिला हाक मारायच्या नादात व्हते. पानी न्हाई टाकलं म्हनून."

दोन वर्षं एका बाईच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं करिष्मानं उचललं होतं आणि उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवलं होतं. मधे कुठं खाली ठेवायला जागाच नव्हती. तिला वाटलं काहीतरी बोलावं: खटका ओढला असता तरी कदाचित, किंवा एवढ्या कमी वेळात कुणालाच. पण हे तिनं करून बघितलं नव्हतं. त्याचा रन नव्हता.

संगीता खाली बसली. सासूच्या शेजारी, उंबऱ्यातच, पिठाचे हात वर धरून.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमाला काय म्हाईत. कुनालाच म्हाईत नव्हतं."

केशरबाईनं तिच्याकडं वळून बघितलं. संगीतानं तिला धरलं नाही आणि ती संगीताला टेकली नाही. मग केशरबाईनं सूप उचललं आणि पाखडायला लागली. पाखडलेलीच बाजरी. भुसा केव्हाच उडून गेला होता, आता दाणे उडत होते, बाहेर मातीत पडत होते, आणि दोघींपैकी कुणीही तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीला संगीता फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत पाइपावर काम करणारा गडी म्हणाला, "काय वैनी, पोरगी निघाली का?" संगीता हो म्हणाली. फाट्यावर दोघी बाभळीखाली उभ्या राहिल्या.

"आज्जी रात्री जेवली न्हाई," करिष्मा म्हणाली.

"जेवंल."

"आता ती कुणाला काय सांगंल?"

"काय न्हाई सांगनार. ना ते, ना हे." संगीतानं पदर डोक्यावर ओढला. "सकाळी उठून कोपऱ्यातली बादली बाहेर नेऊन ठिवली तिनं. विचारलं तर म्हनली, गळती हाय."

गाडी लांबून दिसायला लागली. धुळीत आधी काच चमकली, मग बोर्ड.

"मी सांगितलं ते चांगलं केलं का, माय?"

संगीतानं गाडीला हात केला. कंडक्टरनं दार उघडलं, करिष्मानं पिशवी आत टाकली, पाय पायरीवर ठेवला.

"मी विचारलं व्हतं," संगीता म्हणाली. "तू सांगितलंस." आणि दार लागताना, इंजिनाच्या आवाजात, अजून काहीतरी म्हणाली. करिष्माला काचेतून तिचे ओठ हललेले दिसले. ती पुढच्या सीटच्या दांडीला धरून उभीच राहिली, बसायला जागा होती तरी.